कायद्यात जागा आहे, बैठकीत नाही

कन्हान हे नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्यातले गाव. एका अंगाला नदी, नदीपलीकडे कामठी, आसपास गोंडेगाव, इंदर आणि कामठी या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खुल्या कोळसा खाणी, आणि गावाला लागून नागपूर–हावडा रेल्वेमार्ग. नागपूरला पाणी पुरवणारी नदी म्हणून कन्हानचे नाव शहराच्या तोंडी असते. गाव मात्र बहुतेकांना रामटेकच्या वाटेवर लागते तेवढेच ठाऊक असते. खाणकामगारांची, रेल्वेतल्या आणि कारखान्यांतल्या माणसांची मुले इथून पदवीपर्यंत पोचतात. पुढे एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करायचे तर कुणी कामठीच्या सेठ केसरीमल पोरवाल महाविद्यालयात जाते, कुणी थेट नागपुरात अमरावती रोडवरच्या महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग तिथे आहेत.

म्हणजे अख्खे शहर ओलांडून जायचे. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आली आहे. दुसऱ्या टप्प्यात ती कन्हान नदीपर्यंत यायची आहे आणि त्या टप्प्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. तोवर बस, ऑटो, कधी इतवारी–रामटेक गाडी, मग सीताबर्डीत बदल. या विद्यार्थ्यांचे प्रश्नही प्रवासातूनच सुरू होतात: सकाळी आठचा तास कशाला ठेवला, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे, वसतिगृहाच्या यादीत 'जवळचे गाव' म्हणून नाव का कापले गेले. हे प्रश्न विचारायचे कुठे, याचे उत्तर महाराष्ट्राच्या कायद्यात लिहिलेले आहे. ते बऱ्यापैकी नीट लिहिलेले आहे. अडचण अंमलबजावणीत आहे, आणि तिचा सगळ्यात जास्त फटका पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बसतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषदांची रचना आहे. प्रत्येक महाविद्यालयाची एक परिषद, विद्यापीठाच्या विभागांची एक वेगळी परिषद, आणि या सगळ्यांच्या वर विद्यापीठ विद्यार्थी परिषद. महाविद्यालयाच्या परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव सर्व विद्यार्थ्यांनी थेट मतदानाने निवडायचा. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, एक महिला प्रतिनिधी, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती व इतर मागासवर्ग यांच्यातून आळीपाळीने एक प्रतिनिधी. त्याशिवाय राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक कार्य यांतून एकेक विद्यार्थी नेमायचा. महाविद्यालयांतले आणि विभागांतले हे निवडून आलेले पदाधिकारी मिळून विद्यापीठ पातळीवरचा अध्यक्ष, सचिव आणि इतर प्रतिनिधी निवडतात. नागपूर विद्यापीठाच्या बाबतीत याचा अर्थ नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या शेकडो महाविद्यालयांतून वर चढत जाणारी निवड.

कागदावर ही पायरी-पायरीची रचना चांगली आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा उतरंडीची सवय असलेल्या राज्याला ती समजावून सांगावी लागत नाही. शिवाय विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या तुकडोजी महाराजांनी आयुष्यभर गावाने एकत्र बसून आपला कारभार आपण पाहावा हेच सांगितले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी एकत्र बसायची जागा वर्षानुवर्षे ओस असावी, ही गोष्ट टोचली पाहिजे.

जुन्या पिढीला 'यूआर' (विद्यापीठ प्रतिनिधी), 'जीएस' (सरचिटणीस), 'सीआर' (वर्गप्रतिनिधी), 'एलआर' (महिला प्रतिनिधी) हे शब्द आठवतील. विद्यापीठ प्रतिनिधीच्या निवडणुकीसाठी महाविद्यालयांतले प्रतिनिधी पळवून नेण्याचे, त्यांना निवडणुकीच्या दिवसापर्यंत दूर कुठेतरी ठेवण्याचे किस्सेही आठवतील. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि महाविद्यालयीन निवडणुकांबद्दल राज्याच्या मनात भीती बसली. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक काढून टाकली. आदल्या वर्षीच्या परीक्षेत ज्याला जास्त गुण, तो वर्गाचा प्रतिनिधी, अशी पद्धत आली. त्या प्रतिनिधींनी आपल्यातून सचिव निवडायचा, एवढेच मतदान उरले. दोन दशकांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रतिनिधी गुणपत्रिकेच्या आधारे मिळवला.

हुशार विद्यार्थी चांगला प्रतिनिधी होऊ शकतो, यात वाद नाही. पण परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी वर्गाने पाठवलेला नसतो. त्याला विद्यार्थ्यांना उत्तर द्यावे लागत नाही, आणि ज्या प्राध्यापकांच्या हाती त्याचे पुढचे गुण आहेत त्यांच्याच समोर बसून त्याने तक्रार मांडायची असते. पदव्युत्तर पातळीवर ही अडचण दुप्पट होते. तिथे एका विभागात मोजके प्राध्यापक असतात, अंतर्गत गुण त्यांच्याकडे असतात, आणि पुढे पीएच.डी.चे मार्गदर्शकही बहुधा त्यांच्यातलेच. अशा ठिकाणी प्रतिनिधीच्या पाठीशी मते असतील तरच त्याचा आवाज टिकतो.

२०१६ च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली. नियम तयार व्हायला २०१८ साल उजाडले. २०१९-२० या वर्षी निवडणुका होणार असे ठरले, वेळापत्रक आले, विद्यार्थी संघटना कामाला लागल्या, आणि विधानसभा निवडणुकीचे कारण पुढे करून त्या लांबवण्यात आल्या. पाठोपाठ करोना आला. महाविद्यालये उघडली, परीक्षा पूर्ववत झाल्या, लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका पार पडल्या. विद्यार्थी परिषदांचे थेट मतदान मात्र त्यानंतरच्या वर्षांतही मागेच राहिले. मधल्या काळात कुठे गुणवत्तेच्या यादीवरून प्रतिनिधी नेमले गेले, कुठे तेवढेही झाले नाही.

यातली गंमत वाटावी अशी, पण खरोखर गंभीर गोष्ट म्हणजे त्याच कायद्याखालच्या इतर निवडणुका होत राहिल्या. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायचे दहा सदस्य असतात. नागपूर विद्यापीठात ही निवडणूक २०२३ मध्ये झाली. मुंबई विद्यापीठात ती लांबत लांबत, न्यायालयाच्या वाटेने जाऊन, सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आणि युवासेनेने दहाच्या दहा जागा घेतल्या. म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलेला, कदाचित पंधरा वर्षांत कॅम्पसमध्ये पाऊल न टाकलेला वकील किंवा व्यावसायिक विद्यापीठाच्या कारभारासाठी मत देऊ शकतो. त्याच विद्यापीठात रोज प्रयोगशाळेत उभी राहणारी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी विद्यार्थी म्हणून मत देऊ शकत नाही, कारण तिच्या मतदानाची तारीखच जाहीर होत नाही.

परिषद म्हणजे स्नेहसंमेलन भरवणारे मंडळ, असा समज आहे. तो समज परिषदेला सोयीचा नाही, पण व्यवस्थेला सोयीचा आहे. कायदा त्याहून पुष्कळ अधिक देतो. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव अधिसभेत बसतात. अधिसभा वर्षातून किमान दोनदा भरते, तिच्यापुढे विद्यापीठाचा अर्थसंकल्प येतो, तिथे प्रश्न विचारता येतात. परीक्षा शुल्क, निकालांचा विलंब, वसतिगृहाच्या दुरुस्तीची तरतूद यांवर बोलण्याची ती जागा. महाविद्यालयाच्या पातळीवर कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, स्थानिक सदस्य आणि त्यांच्यासोबत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष व सचिव. या समितीने वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या, अर्थसंकल्प पाहायचा, नवे अभ्यासक्रम, सोयी आणि शैक्षणिक सुधारणा यांची शिफारस करायची. खासगी संस्थेच्या संचालकांसमोर विद्यार्थी बरोबरीने बसतो अशी ही जवळजवळ एकमेव खोली. परिषद नसेल तर त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहतात आणि बैठक तरीही पार पडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतून आणखी काही समित्या येतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या कदाचित जास्त महत्त्वाच्या आहेत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आयोगाने २०१५ चे विनियम केले, ते मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार अंतर्गत तक्रार समितीपुढचे प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत: एक पदवीचा, एक पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा, एक संशोधक. आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत. नियम करणाऱ्यांनी इथे फार शहाणपणाने विचार केला आहे. संशोधक विद्यार्थिनीची अडचण पदवीच्या मुलीपेक्षा वेगळी असते. तिचा प्रबंध, तिची अधिछात्रवृत्ती, तिचे शिफारसपत्र एकाच माणसाच्या सहीवर अडलेले असू शकते. तिची बाजू समजणारी व्यक्ती समितीत बसलेली असणे ही तिची गरज आहे. पण जिथे विद्यार्थ्यांची कुठलीच निवडणूक होत नाही तिथे या तिघांची 'लोकशाही पद्धतीने' निवड कशी होणार? नेमणूक होते, आणि नेमणारा कोण हे तक्रारदाराला माहीत असते.

आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांत तर विद्यार्थ्याला आणखी मागे सरकवले आहे. विद्यार्थी तक्रार निवारण समितीत सदस्य प्राध्यापक. किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील एक व्यक्ती हवी, ही चांगली तरतूद. पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, हेही चांगले. विद्यार्थी मात्र 'विशेष निमंत्रित', तोही अभ्यासातली गुणवत्ता, क्रीडा किंवा इतर उपक्रमांतली कामगिरी पाहून नेमलेला. निवडून आलेला नव्हे. विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत विद्यार्थी पाहुणा असावा, हे पटत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची यादी गेल्या काही वर्षांत लांबली आहे, कारण अभ्यासक्रमच बदलला. २०२३-२४ पासून राज्यात पदव्युत्तर पातळीवर नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. संशोधन पद्धतीचा विषय सक्तीचा झाला, संशोधन प्रकल्प आला, आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण घ्यायचे श्रेयांक आले. विद्यार्थी आणि प्राध्यापक त्याला 'ओजेटी' म्हणतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला बुटीबोरीच्या कारखान्यात जागा मिळू शकेल. पण इतिहासाच्या, मराठीच्या, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने ओजेटी कुठे करायची? कन्हानमध्ये राहणाऱ्या मुलीने त्यासाठी कुठवर जायचे? तिला प्रवासखर्च मिळावा का? विभागागणिक याची उत्तरे वेगळी असणार, आणि ती विभागातल्या विद्यार्थ्यांनीच प्राध्यापकांसोबत बसून शोधायला हवीत. मंत्रालयातून आलेल्या शासन निर्णयात ती सापडणार नाहीत.

संशोधकांचे तर वेगळेच जग. पीएच.डी.च्या २०२२ च्या विनियमांनुसार प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सत्राला तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. पण ज्यांना नेट-जेआरएफ मिळत नाही, ते बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांकडे पाहतात. महाज्योतीचे मुख्यालय तर नागपुरातच. या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांची परीक्षा, जागांची मर्यादा आणि पैसे जमा होण्याचा उशीर यांवर विद्यार्थ्यांनी पुण्यात, मुंबईत, नागपुरात वारंवार आंदोलने केली. रस्त्यावर उतरावे लागले, कारण ज्या टेबलावर हा विषय निघतो तिथे त्यांचा माणूस नव्हता. आंदोलन हा हक्क आहेच. पण संशोधकाचे सहा महिने उपोषणात जाणे हे कुणाच्याच हिताचे नाही.

महाराष्ट्रात पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक संघटना मात्र अशी आहे की तिच्याशी मंत्र्यांना बोलावे लागते. ती म्हणजे मार्ड, निवासी डॉक्टरांची संघटना. लोक तिच्याकडे डॉक्टरांची संघटना म्हणून पाहतात, पण निवासी डॉक्टर हे कायद्याने एम.डी., एम.एस.चे विद्यार्थी असतात. कन्हानचा माणूस आजारी पडला आणि नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या शासकीय रुग्णालयात नेला गेला, तर रात्री दोन वाजता त्याला पाहणारा तरुण डॉक्टर पदव्युत्तर विद्यार्थी असतो. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मार्डची शाखा, तिचा अध्यक्ष, सचिव, आणि शाखांची मिळून राज्य पातळीवरची मध्यवर्ती मार्ड. वसतिगृहातली गळकी खोली, ड्युटीचे सलग तास, रुग्णांच्या नातेवाइकांकडून होणारे हल्ले, विद्यावेतन, हे सगळे शाखेत येते. शाखेत सुटले नाही तर वर जाते.

जानेवारी २०२३ मध्ये वरिष्ठ निवासी डॉक्टरांची पदे आणि वसतिगृहांची अवस्था यांवर मार्डने राज्यभर संप केला, आणि वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांशी चर्चेनंतर तो लगेच मागे घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यावेतनाच्या मागणीनंतर राज्याने निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनात दरमहा १०,००० रुपयांची वाढ दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीवरच्या अत्याचारानंतर आणि खुनानंतर नागपूरच्या निवासी डॉक्टरांनीही काम बंद ठेवले. संपाची किंमत गरीब रुग्ण मोजतो, हे खरे आणि वेदनादायक आहे. पण मार्डच्या यशाचे सगळे श्रेय संपाच्या धाकाला देणे चूक ठरेल. संपाआधी महिनोन्महिने निवेदने, बैठका, खोल्यांची पाहणी, कुणाचे विद्यावेतन किती महिने थकले याच्या याद्या हे काम चाललेले असते. दर वर्षी जुने पदाधिकारी जातात, नवे येतात, आणि कागद पुढच्यांच्या हातात जातात. मराठीच्या किंवा भूगोलाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याकडे संपाचे हत्यार नाही. पण बाकीचे सगळे तो करू शकतो, फक्त त्याला मान्यताप्राप्त जागा हवी.

मुंबईच्या पवई परिसरात अशा जागेचा एक नमुना आहे. आयआयटी मुंबईत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक कामकाजाचा स्वतंत्र सरचिटणीस निवडला जातो. पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा, पदव्युत्तरांचा वेगळा. त्याच्या हाताखाली पदव्युत्तर शैक्षणिक परिषद काम करते, तिच्यात विभागांचे प्रतिनिधी असतात. नव्याने आलेल्या एम.टेक.च्या किंवा संशोधनाच्या विद्यार्थ्याला वरच्या वर्षाचा सोबती देण्याचा उपक्रमही तिथे चालतो. पदवीची मुले चार वर्षे एकाच कॅम्पसमध्ये वाढतात, त्यांची ओळखपाळख मोठी असते. पदव्युत्तर विद्यार्थी दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या महाविद्यालयातून येतो आणि दोन वर्षांत निघून जातो. एकाच निवडणुकीत दोघांना ढकलले तर संख्येने कमी असलेल्यांचे प्रश्न मागेच पडतात. आयआयटीने हे ओळखले.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांची परिषद १९५३ पासून आहे. तिच्या समित्या विषयवार वाटलेल्या आहेत: कुणाकडे निवास, कुणाकडे शिक्षण आणि संशोधन, कुणाकडे नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत. निवासाची समिती खोलीभाडे, प्रवास, जेवण, आरोग्यविमा यांचा हिशेब मांडते आणि त्या आकड्यांच्या आधारे विद्यावेतन किती वाढावे याची चर्चा प्रशासनाशी होत असे. भावनेने मागणी करण्याऐवजी हिशेब पुढे ठेवायचा. नागपुरातही हे सहज जमण्यासारखे आहे. सीताबर्डीच्या मागच्या गल्ल्यांत एका खाटेचे भाडे किती, मेसचा महिना किती, कन्हान–अमरावती रोडचा रोजचा प्रवासखर्च किती, हे अर्थशास्त्राच्या विभागातले विद्यार्थी एका सत्रात मोजू शकतात. त्यांच्या संशोधन पद्धतीच्या विषयाला त्याहून चांगला सराव कोणता?

दिल्लीच्या जेएनयूची आठवण इथे काढली की लोक लगेच बाजू घेतात. पण तिथली एक गोष्ट सगळ्यांनी पाहण्यासारखी आहे. १९७१ पासूनच्या त्या विद्यार्थी संघाची घटना विद्यार्थ्यांनी लिहिली आणि निवडणूकही विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग घेतो. पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांचा तिथे मोठा भरणा असल्याने त्यांची भूमिका कायम वजनदार राहिली. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगदोह समितीच्या शिफारशींवरून वाद होऊन २००८ मध्ये ती निवडणूक न्यायालयाने थांबवली, ती २०१२ मध्ये परत सुरू झाली. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी तिथे १९९९ मध्ये निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींसह एक समिती उभी राहिली होती. ती २०१७ मध्ये बंद करून अंतर्गत तक्रार समिती नेमली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांचा आक्षेप मुख्यतः एकाच मुद्द्यावर होता: निवडणुकीच्या जागी नेमणूक आली.

निवडणुकांना विरोध करणाऱ्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. प्राचार्यांना मारामाऱ्यांची भीती वाटते. पालकांना मुलांच्या वर्षाची. राजकीय पक्ष परिषदा ताब्यात घेतील, ही शंकाही खरी आहे. कायद्याने परिषदांना राजकीय काम करायला बंदी घातली आहे, पण पदवीधरांच्या अधिसभा निवडणुकीत पक्ष उघडपणे उतरतात हे सगळे पाहतात, तेव्हा ती बंदी विद्यार्थ्यांपुरतीच कशी टिकेल? उपाय लिंगदोह समितीने सुचवला होता. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगदोह यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला तो लागू करण्याचा आदेश दिला. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील फलकांवर बंदी, ७५ टक्के हजेरीची अट, विषय राहिलेला नसावा, आणि सत्र सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक उरकायची. हे नियम कडक आहेत, आणि नीट पाळले तर पुरेसे आहेत.

एका ठिकाणी मात्र महाराष्ट्राचे नियम लिंगदोहपेक्षाही अरुंद आहेत. लिंगदोहने संशोधक विद्यार्थ्यासाठी वयाची मर्यादा २८ वर्षे ठेवली. राज्याच्या नियमांत उमेदवाराचे वय २५ पेक्षा जास्त चालत नाही. एम.ए. करून, एखादे वर्ष नेटची तयारी करून, मग पीएच.डी.ला आलेला विद्यार्थी २५ व्या वर्षी नुकताच संशोधनाला लागलेला असतो. दोन वर्षे नोकरी करून परत आलेला, बाळंतपणानंतर परत आलेली, खाणीतल्या वडिलांच्या निवृत्तीनंतर घर सावरून उशिरा आलेला, हे सगळे त्या रेषेबाहेर जातात. विद्यापीठ विभागांच्या परिषदेत संशोधकांचा प्रतिनिधी हवा असेल तर ही अट बदलली पाहिजे. त्यासाठी निवडणूक पुढे ढकलण्याची गरज नाही.

सुरुवात छोट्या घटकापासून व्हावी. विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांत मतदार मोजके, एकमेकांना ओळखणारे, प्रौढ. बहुतेकांनी लोकसभेला मतदान केलेले. इथे वर्गप्रतिनिधी आणि विभाग परिषदेची निवडणूक एका दिवसात, एका खोलीत होऊ शकते. मुंबई–पुण्याच्या मोठ्या महाविद्यालयांतली भीती इथे लागू पडत नाही. नागपूर विद्यापीठाने १९२३ पासूनच्या वाटचालीची शंभर वर्षे नुकतीच साजरी केली. अशा संस्थेने राज्यातल्या इतर विद्यापीठांची वाट न पाहता शासनाकडे निदान विभाग परिषदांच्या निवडणुकीची परवानगी मागावी, आणि शासनाने ती द्यावी.

आणि निवडणूक झाली तरी कन्हानच्या, उमरेडच्या, काटोलच्या विद्यार्थ्याला ती पोचेल याची तजवीज आधी करावी लागेल. संध्याकाळी सहाची बैठक ठेवली तर ती फक्त वसतिगृहातल्यांची बैठक होते. बैठका दुपारच्या सुट्टीत घ्याव्यात किंवा ऑनलाइन सहभागाची सोय ठेवावी. विषयपत्रिका आणि इतिवृत्त मराठीत, आठवडाभरात, विभागाच्या सूचनाफलकावर आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर यावे. विभाग परिषदेत एक जागा रोज बाहेरगावाहून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ठेवता येईल. कायद्यात अशी जागा नाही, पण निमंत्रित म्हणून बोलावण्यापासून कुणी अडवत नाही. समितीच्या कामासाठी आलेल्या विद्यार्थ्याला प्रवासखर्च द्यावा. प्राध्यापकांना बैठकभत्ता मिळतो, मग बस बदलून आलेल्या विद्यार्थ्याला तिकिटाचे पैसे मिळायला काय हरकत आहे?

पहिल्या वर्षी परिषदेने मोठ्या घोषणांच्या मागे लागू नये. ओजेटीच्या जागांची विभागवार यादी, निकालाच्या तारखा आणि प्रत्यक्ष लागलेल्या निकालांचा तक्ता, अंतर्गत तक्रार समितीवरच्या तिन्ही विद्यार्थ्यांची खरी निवडणूक, थकलेल्या अधिछात्रवृत्त्यांची नोंद. एवढी चार कामे केली आणि त्यांचे कागद पुढच्या वर्षीच्या प्रतिनिधींच्या हाती दिले, तर दुसऱ्या वर्षीच्या परिषदेला अधिसभेत प्रश्न विचारायला आकडे हातात असतील. विद्यापीठाच्या पुढच्या शैक्षणिक वेळापत्रकात परीक्षांच्या, सुट्ट्यांच्या आणि युवक महोत्सवाच्या तारखांशेजारी विभाग परिषदेच्या मतदानाची तारीख छापून यावी. ती सत्र सुरू झाल्यापासून आठव्या आठवड्याच्या आतली असावी.